नंतर आलेल्या ओळीतलं बटण

पारोळा तालुक्यातल्या एका जिनिंगच्या भुईकाट्यावर मी लिहिलेला प्रोग्राम चालतो. कापसाची गाडी फाटकात आली की टोकन निघतं आणि काट्याच्या खोलीतल्या स्क्रीनवर त्या गाडीची ओळ आपोआप येते. प्रत्येक ओळीत चार बटणं: भर वजन, खाली वजन, पावती, रद्द. गाडी भरलेली तोलायची, कापूस उतरला की रिकामी तोलायची, वजाबाकी करून पावती द्यायची. भर 4,260 किलो, खाली 2,480 किलो, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस 17 क्विंटल 80 किलो. काम एवढंच, पण त्या कागदावर एका घराची वर्षाची कमाई असते. म्हणून बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, हे मला पक्कं माहीत असायला हवं.

पहिल्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत होतं. साडेदहाला काट्यावरच्या नानांचा फोन आला, “बेटा, बटन दाबी राहिनू, काहीच व्हत नही.” मी धुळ्याहून निघाले. जाऊन पाहते तर सकाळी पेज उघडलं तेव्हा फाटकात ज्या नऊ गाड्या होत्या, त्यांची बटणं चालत होती. दहाव्या गाडीपासून पुढची सगळी मुकी. बाहेर ट्रॅक्टर आणि छोटा हत्तींची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

तुमच्याही पेजवर ओळी, कार्डं, मेसेज नंतर येत असतील तर हे तुमच्या वाट्याला येणारच. म्हणून मी काय चुकले आणि आता कसं करते, ते सविस्तर लिहिते. जावास्क्रिप्टची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, एडिटरमध्ये ती नेहमीच्या लिपीत टाका.

मी क्वेरी-सिलेक्टर-ऑल वापरून सगळी बटणं गोळा केली होती आणि प्रत्येकावर ॲड-इव्हेंट-लिसनरने लिसनर, म्हणजे क्लिक ऐकणारं फंक्शन, लावला होता. ही ओळ पेज उघडताना एकदाच चालते. त्या क्षणी जी बटणं पेजवर आहेत तीच तिला सापडतात. दहावी गाडी दहा वाजता आली, तिच्या बटणाला क्लिक ऐकणारं कुणी नव्हतंच. क्लास तोच, रंग तोच, दिसायला हुबेहूब, पण लिसनर क्लासच्या नावाला लागत नाही, त्या एका बटणाला लागतो.

याचीच उलटी बाजूही आहे. नवीन ओळ जोडायला इनर-एचटीएमएलला अधिक-बरोबर करून मजकूर चिकटवला, तर ब्राउझर सगळं टेबल नव्याने घडवतो. मग जुनी बटणंही जातात आणि त्यांच्यावरचे लिसनरही. ओळ जोडायची असेल तर इन्सर्ट-ॲडजेसंट-एचटीएमएल किंवा अपेंड वापरा, आधीच्या ओळींना हात लागत नाही.

घाईत मी जो उपाय केला तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट निघाला. दर नवीन गाडी आली की बटणं गोळा करणारी तीच ओळ पुन्हा चालवायची. दहावी गाडी चालू झाली, अकरावी झाली, मी निश्चिंत झाले. तासाभराने एका टोकनच्या लागोपाठ तीन पावत्या छापल्या गेल्या. जुन्या बटणांवर दर वेळी एकेक लिसनर चढत गेला होता. तेच नाव असलेलं एकच फंक्शन पुन्हा लावलं तर ब्राउझर दुसऱ्यांदा घेत नाही, पण मी दर वेळी जागेवरच नवीन फंक्शन लिहीत होते, आणि ब्राउझरच्या लेखी ती सगळी वेगवेगळी. नानांनी जास्तीच्या दोन पावत्या फाडून माझ्या हातात दिल्या, म्हणाले, “या बाहेर गेल्या असत्या तर?” त्या दिवशी मी ती पद्धत कायमची सोडली.

एक लिसनर, तोही टेबलावर

बटणावर झालेला क्लिक तिथेच थांबत नाही. तो बटणावरून ओळीवर, ओळीवरून टेबलावर, तिथून थेट डॉक्युमेंटपर्यंत चढत जातो. याला बबलिंग म्हणतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 इव्हेंट्स शिफारशीत हे लिहिलेलं आहे, म्हणजे हा काही कालचा शोध नाही. जिनिंगमध्ये प्रत्येक गाडीमागे आपण माणूस ठेवत नाही, फाटकावर एक ठेवतो, कारण गाडी कधीही येवो, ती फाटकातूनच जाणार. तसं टेबल हे फाटक. ओळी येतात-जातात, टेबल दिवसभर जागेवर असतं. लिसनर टेबलावर लावा, एकदाच. हेच इव्हेंट डेलिगेशन.

आता त्या एका फंक्शनला कळलं पाहिजे की कुठलं बटण आणि कुठली गाडी. बटणाच्या टॅगमध्ये मी डेटा-काम नावाचं ॲट्रिब्यूट ठेवते आणि त्यात ‘भरवजन’, ‘खालीवजन’, ‘पावती’, ‘रद्द’ अशी किंमत. ओळीच्या टॅगमध्ये डेटा-टोकन. फंक्शनमध्ये पहिलं वाक्य असं: इव्हेंटचं टार्गेट घ्या आणि त्यावर क्लोझेस्ट चालवून डेटा-काम असलेलं सर्वात जवळचं एलिमेंट शोधा. मिळालं नाही तर तिथूनच परत फिरा. मिळालं तर ते टेबलाच्या आतलंच आहे ना, हे कंटेन्सने तपासा, कारण क्लोझेस्ट वर चढताना टेबलाच्याही बाहेर जाऊ शकतं. मग त्याच बटणावरून क्लोझेस्टने ओळ गाठा, डेटासेटमधून टोकन वाचा आणि कामाच्या नावाप्रमाणे योग्य ते फंक्शन बोलवा. मी चारही फंक्शनं एका ऑब्जेक्टमध्ये ठेवते, कामाचं नाव हीच किल्ली. पाचवं बटण आलं की ऑब्जेक्टमध्ये एक ओळ वाढते, लिसनरला हात लावावा लागत नाही.

टार्गेट थेट का वापरायचं नाही? पावतीच्या बटणात प्रिंटरचं चित्र आहे. बोट चित्रावर पडलं की टार्गेट बटण नसून ते चित्र असतं, आणि एसव्हीजी असेल तर त्याच्या आतली एखादी रेषासुद्धा. थेट टार्गेटचा क्लास तपासणारा कोड शब्दावर दाबलं की चालतो, चित्रावर दाबलं की नाही. अशी तक्रार ‘कधी चालतं, कधी नाही’ या शब्दांत येते आणि शोधताना दिवस जातो.

किमती मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही, जावास्क्रिप्टला देवनागरी चालते. फक्त ‘ॲ’सारखं अक्षर दोन कीबोर्डवर दोन तऱ्हेने उमटू शकतं, दिसतं सारखं, जुळत नाही. म्हणून मी साध्या अक्षरांचे शब्द निवडले.

आणि टोकनच का? गाडीचा नंबर नको, कारण एमएच 19 ची तीच ट्रॉली दुपारी दुसरी फेरी घेऊन येते. ओळीचा अनुक्रमांक तर मुळीच नको. नवीन गाडी वर आली की सगळे अनुक्रमांक एकाने सरकतात आणि एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर निघते.

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये काम असेल तर तिथे ऑन या फंक्शनला मधे सिलेक्टर द्या: टेबलावर ऑन, मग क्लिक, मग बटणाचा क्लास, मग फंक्शन. मधला सिलेक्टर विसरलात तर ते डेलिगेशन राहत नाही. कुठे याच कामाचं जुनं लाइव्ह फंक्शन दिसलं तर बदलून टाका, ते 1.9 आवृत्तीत, 2013 साली, काढून टाकलं गेलं. रिॲक्ट ही लायब्ररी वापरणाऱ्यांना ही सोय आतूनच मिळते.

जे डेलिगेशनने सुटत नाही

नवीन कोड लावला, आठवडाभर छान चाललं, आणि नानांचा पुन्हा फोन. दहादा दाबलं की दोनदा वाया जातं म्हणे. माझ्या हातून एकदाही वाया जाईना. शेवटी मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. नाना बटण ठामपणे दाबतात, क्षणभर धरून ठेवतात, मग सोडतात. मी टिचकीसारखं दाबते. आणि माझा हा नवीन कोड दर दोन सेकंदांनी सगळं टेबल पुसून नव्याने लिहीत होता.

क्लिक म्हणजे दाबणं आणि सोडणं, दोन्ही एकाच एलिमेंटवर व्हायला लागतं. नानांनी जुनं बटण दाबलं, तेवढ्यात टेबल नव्याने लिहिलं गेलं, बोट सुटलं ते नव्या बटणावर. मग बटणाच्या नावाचा क्लिक तयारच होत नाही. फार तर दोघांना सामाईक अशा वरच्या एलिमेंटवर येतो, आणि आपलं क्लोझेस्ट रिकाम्या हाताने परततं. लिसनर कितीही नीट लावला तरी इथे उपयोग नाही. मी पूर्ण टेबल लिहिणं बंद केलं. सर्व्हरकडून आलेली टोकनं आणि पेजवरच्या ओळी ताडून बघते. नवी ओळ जोडते, गेलेली काढते, बदललेल्या ओळीतला फक्त आकडा बदलते. बटणांना हात लावत नाही. त्यानंतर एकही दाब वाया गेला नाही.

ओलाव्याच्या रकान्यातही एकदा अडले. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत 12 टक्क्यांवर ओलावा चालत नाही, म्हणून रकाना सोडताच आकडा तपासायचा होता. टेबलावर ब्लर लावलं, काहीच येईना. ब्लर आणि फोकस वर चढत नाहीत. त्यांच्या जागी फोकस-आउट आणि फोकस-इन वापरा, ते चढतात. माउस-एंटरचंही तसंच, तिथे माउस-ओव्हर घ्या. इनपुट आणि चेंज सरळ चढतात.

भर वजन झाल्याशिवाय ‘खाली वजन’ बंद ठेवायचं, पण दाबलं तर ‘आधी भर वजन घ्या’ असा निरोप दिसावा, असं नानांना हवं होतं. बटणाला डिसेबल्ड लावलं की क्लिक येतच नाही, निरोप दाखवणार कसा? तिथे ॲरिया-डिसेबल्ड लावून, फिकट रंग देऊन, तपासणी फंक्शनमध्ये ठेवली.

क्लिकचं वर चढणं थांबवणारं स्टॉप-प्रोपगेशन शक्यतो लिहू नका. ओळीवर दाबलं की गाडीचा तपशील उघडतो आणि बटणावर दाबलं की उघडू नये, एवढ्यासाठी लोक ते लिहितात, आणि मग वरच्या लिसनरपर्यंत काहीच पोचत नाही. एकाच फंक्शनमध्ये आधी बटण शोधा, सापडलं तर काम करून परत फिरा, नाही सापडलं तर ओळ शोधा. तुम्ही न लिहिलेल्या एखाद्या कोडने क्लिक अडवला असेल, तर लिसनरचा तिसरा पॅरामीटर ट्रू द्या. वर चढण्याआधी क्लिक डॉक्युमेंटपासून बटणापर्यंत खाली उतरतो. मग तो खाली उतरतानाच, अडवणाऱ्याच्या आधी, तुमच्या हाती येतो.

बटण म्हणून डिव्ह, म्हणजे साध्या चौकोनाचा टॅग, वापरू नका. जिनिंगमध्ये रुईची कुसं उडतात, माउस अडकतो, नाना टॅब आणि एंटरवर काम करतात. खऱ्या बटण टॅगवर एंटर आणि स्पेस दाबलं की क्लिकच येतो, त्याच लिसनरला.

दोनदा दाबलं गेल्यास दोन पावत्या निघू नयेत, याची जबाबदारी मात्र सर्व्हरवर ठेवा. एका टोकनला एकच पावती, दुसरी मागणी आली तर पहिलीच परत द्यायची.

देण्याआधी मी एवढं करते: पेज उघडून पाच मिनिटं थांबते, मग एक नवी गाडी आणवते. तिच्या पावतीच्या चित्रावर, शब्दावर आणि बटणाच्या कडेवर असं तीन ठिकाणी दाबते. एकदा बटण दाबून तीन सेकंद धरून ठेवते आणि मग सोडते, नानांसारखं.