एपिड्युरल कॅथेटर तुटून आत राहिला तर

एपिड्युरल कॅथेटर, म्हणजे बधिर करणारं औषध देण्यासाठी पाठीत मणक्याच्या पोकळीत ठेवलेली बारीक नळी, काढताना अडतोय असं जाणवलं की हात तिथेच थांबवा. माझ्या प्रत्येक ज्युनिअरला मी हे आधी सांगते. रुग्णाला कुशीवर वळवा, गुडघे पोटाशी घ्यायला सांगा, म्हणजे कॅथेटर घालताना होती तीच स्थिती येईल. मग हलक्या, सलग ताणाने पुन्हा पाहा. नाही आला तर निर्जंतुक ड्रेसिंग लावून अर्धा तास जाऊ द्या. स्नायू सैल पडले की पुष्कळदा सहज सुटतो. आर्टरी फोर्सेप्सने धरून ओढू नका, त्याच्या दातांनी कॅथेटर चिरतो. तो लांबायला आणि बारीक व्हायला लागला, तर पुढची पायरी तुटण्याचीच आहे.

तरीही तुटला, तर पहिलं काम पाठीच्या त्वचेकडे बघण्याचं. टोक बाहेर दिसत असेल तर ते निर्जंतुक गॉझने बोटांत धरून ठेवा आणि मदतीला हाक मारा. सोडलं तर ते आत सरकतं. आधीच आत गेलं असेल तर सुईच्या जागेवर मार्करने खूण करा, एक-दोन दिवसांत ती जागा शोधूनही सापडत नाही.

हातात आलेला तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नका. त्याच्यावर सेंटिमीटरच्या खुणा असतात. 10 सेंटिमीटरला सहसा दुहेरी, 15 ला तिहेरी रेघ. आतल्या बाजूचं टोक (बऱ्याच कॅथेटरना ते निळं असतं) आलंय का पाहा, तुटलेली कड ताणलेली आहे की सरळ कापलेली तेही पाहा. सरळ कापलेली असेल तर घालतानाच टुओही सुईतून (ज्या जाड, वाकड्या टोकाच्या सुईतून कॅथेटर आत सरकवतात तिच्यातून) कॅथेटर मागे ओढला गेला असण्याची शक्यता असते. (सुई आत असताना कॅथेटर एकटा मागे घ्यायचा नाही, दोन्ही एकत्र काढायचे.) लांबी मोजून केसपेपरवर लिहा आणि पाकिटावरचा बॅच नंबर तिथेच चिकटवा.

मग दोन्ही पायांची ताकद, संवेदना आणि लघवीवरचा ताबा तपासून नोंदवा. औषधाचा असर उतरल्यावर पुन्हा तपासा, नाहीतर बधिरतेमुळे आलेला अशक्तपणा आणि तुकड्यामुळे आलेला यात गल्लत होते.

रुग्णाला त्याच दिवशी, तुमच्याच तोंडून कळायला हवं. नातेवाइकांना बाजूला घेऊन कुजबुजणं मला अजिबात मान्य नाही. तुकडा ज्याच्या पाठीत आहे, त्याला आधी. "काढताना नळी तुटली आणि तिचा साधारण इतका तुकडा आत राहिलाय. ती ज्या पदार्थाची असते तो शरीरात सहसा त्रास देत नाही. नेमका कुठे आहे ते बघू आणि काढायचा की नाही ते तुमच्याशी बोलून ठरवू," इतकं साधं बोला. एवढ्यावर न थांबता रुग्ण काय विचारतोय ते ऐका. बाळंतिणीला हमखास पडणारा प्रश्न, पुढच्या वेळी पाठीत इंजेक्शन घेता येईल का? उत्तर तुकड्याच्या जागेवर अवलंबून आहे, तेही तसंच सांगा.

तपासणीत साध्या एक्स-रेवर भिस्त ठेवू नका, तुकडा पुष्कळदा दिसत नाही. पातळ कापांचा सीटी जास्त उपयोगी. कॅथेटरच्या आत धातूची तार असेल, तर उत्पादकाची माहिती वाचल्याशिवाय एमआरआयला पाठवू नका.

पुढचा निर्णय न्यूरोसर्जनसोबत घ्या. पूर्ण आत असलेला, त्रास न देणारा तुकडा मोठ्या माणसात बहुतेक वेळा तसाच ठेवतात, कारण तो शोधण्यासाठी मणका उघडणं जास्त जोखमीचं असतं. पायात कळ, अशक्तपणा, जंतुसंसर्ग किंवा पाठीतून पाणी गळणं असेल तर काढायलाच हवा. तुकडा त्वचेबाहेर डोकावत असेल तरी काढावाच लागतो, नाहीतर जंतूंना आत थेट वाट मिळते. शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा शेवटचा डोस कधी झाला ते विचारा. प्रतिबंधक मात्रेतल्या लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिननंतर किमान 12 तास जायला हवेत.

डिस्चार्ज कार्डावर तुकड्याची लांबी आणि जागा लिहा. ताप, वाढती पाठदुखी, पायात बधिरपणा किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर, रात्र असली तरी, त्याच क्षणी यायचं हे रुग्णाच्या भाषेत लिहा. खाली असा फोन नंबर द्या, जो खरोखर उचलला जातो.