बोटीवरच्या पाहुण्यांना एका दिवसात जुनं पुणं

आमची भाची आणि तिचा नवरा शिडाच्या बोटीने किनाऱ्याने फिरताहेत. बोट मुंबईत नांगरून दोघं एका दिवसासाठी पुण्यात आले. अडचण नेहमीचीच: अर्धा दिवस रिक्षा आणि पार्किंगमध्ये जातो. उपाय सोपा आहे. मेट्रोने एका स्टेशनवर उतरा, पुढच्या स्टेशनवर चढा, मधलं सगळं पायी.

१. पहाटेच्या इंद्रायणीने पुणे स्टेशन. तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेटच्या बाजूला, कसबा पेठेत उतरा.

२. आधी कसबा गणपती, मग लाल महाल आणि शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे नीट बघा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. १८२८च्या आगीत आतला वाडा जळला, तरी जोत्यांवरून दालनांचा अंदाज येतो. इथे घाई करू नका.

३. दगडूशेठचं दर्शन, मग बाजीराव रस्त्याने केळकर संग्रहालय. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हे सोडू नका. सुपारी कातरायचे अडकित्ते बघताना भाची जागची हलेना.

४. तुळशीबाग, मंडई, आणि मंडईहूनच परतीची मेट्रो.

एक काळजी घ्या: परतीचं आरक्षण आधीच करा. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला पोचेपर्यंत रात्र होते. अंधारात छोट्या होडीने बोट गाठायची असेल तर भरती-ओहोटीची वेळ सकाळीच लिहून ठेवा, आणि विजेरी जवळ असू द्या.