बॅटरी बदलण्याआधी हे तपासा : ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांनी टाळायच्या चुका

दिवाळीच्या सुमाराला ऊस वाहतूक सुरू होते आणि पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर नेमका तेव्हाच सेल्फ घेत नाही. बटण दाबले की नुसता टिक आवाज. ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी आणली जाते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तीही तशीच बसते. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीत नसतो. तो वायरमध्ये, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोमध्ये किंवा नुसत्या उभे ठेवण्यात असतो. तो न काढता नवी बॅटरी बसवली तर तिचेही तेच होणार.

म्हणून आधी मीटर लावा. गाडी रात्रभर बंद असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी बॅटरी खराबच असते असे नाही, पूर्ण चार्ज केल्याशिवाय तिचा निकाल लावू नका. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या अँपिअर-अवरच्या, दहाव्या भागाइतका ठेवा. ८८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ८-९ अँपिअर पुरतात. घाईने २५-३० अँपिअरवर लावली तर ती तापते, पाणी उकळते आणि प्लेटांवरचा मसाला सुटतो.

चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरने सहाही घरांतल्या (सेलमधल्या) ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, बघा. सगळीकडे १.२४० च्या वर आणि जवळपास सारखी असेल तर बॅटरी ठीक आहे. पाच घरांत १.२५० आणि एकात १.१८० असेल तर ते घर गेले. बॅटरी बदलण्याचे खरे कारण ते. नुकतेच पाणी घातले असेल तर ग्रॅव्हिटी लगेच मोजू नका. पाणी वर तरंगते आणि आकडा खोटा येतो.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर वायरकडे वळा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, इंजिन बंद करायची दोरी ओढून धरलेली. मीटरची एक पिन शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या लगवर (वायरच्या टोकाच्या पकडीवर) ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तो जोड घाण आहे. मग एक पिन निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंगची वायर काढून तिच्याखालचा रंग, गंज आणि माती खरवडा. चिखलणीला वापरलेल्या ट्रॅक्टरवर अर्थिंगचा बोल्ट हमखास बघावा.

पुढची तपासणी डायनामोची. इंजिन मध्यम आरपीएमवर असताना ट्रॅक्टरला १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या ट्रकला २७.६ ते २८.८ व्होल्ट यायला हवेत. कमी असेल तर आधी पट्टा ताणून बघा. ट्रॅक्टरला १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि सगळ्या घरांतले पाणी भराभर आटण्याचे कारण तेच. डायनामो चालतो का हे पाहायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची पद्धत कृपया सोडा. त्या झटक्याने डायनामोचे डायोड आणि नव्या गाड्यांचे ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळतात. ट्रॉलीला किंवा चेसिसला वेल्डिंग करण्याआधीही बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.

ट्रकमधली सर्वांत महागडी चूक म्हणजे एका बॅटरीवरून गाण्यांचा टेप किंवा मोबाइलचा चार्जर लावणे. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. वायर टाकणाऱ्याला सोपे म्हणून तो अर्थिंगकडच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतो. आता चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो, पण खर्च एकीचाच जास्त. ती कायम उपाशी राहते आणि तिचे व्होल्टेज खाली राहते. डायनामो मात्र २८ व्होल्टचा हिशोब पुरा करतो, म्हणून दुसरीवर १५ च्या आसपास व्होल्ट पडतात. एकीवर सल्फेट चढते, दुसरी उकळते. एका बॅटरीला सारखे पाणी लागते आणि दुसरीची ग्रॅव्हिटी उतरलेली असते, असे दिसले की ही वायर शोधा. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. या जोडीतली एकच बॅटरी बदलू नका. दोन्ही एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर आणि जादा फोकस असतात. कारखान्याच्या रांगेत इंजिन बंद ठेवून ते तासन् तास चालवले की बॅटरी रोज तळाला जाते. सेल्फची बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी केलेली असते, पातळ प्लेटांना हा मार सोसत नाही. गाणी हवीच असतील तर त्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा.

पाण्याबद्दल थोडेच, पण पक्के. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे नको, फिल्टरचेही नको, आणि ॲसिड तर कधीच नको, कारण आटते ते पाणी, ॲसिड आतच राहते. पातळी प्लेटांच्या वर १०-१५ मिलिमीटर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाडच्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. चार्जिंगला लावण्याआधी काठोकाठ भरू नका, ॲसिड उतू जाऊन लग आणि पेटी खाते.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, आणि चार्जिंगनंतर घरांवर हायड्रोजन साचलेला असतो. विडी-सिगारेट लांब ठेवा. बीएस-६ ट्रकमध्ये चावी बंद करून एक-दोन मिनिटे थांबा, मगच मेन स्विच किंवा वायर काढा. तेवढ्या वेळात डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) लाइन रिकामी होते. लग हातोडीने ठोकू नका, खुंट आतून सुटतो. खुंटावरची पांढरी-हिरवी बुरशी पाण्यात कालवलेल्या खायच्या सोड्याने धुवा, पण आधी घरांची झाकणे घट्ट लावा. लग आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. खालचा क्लॅम्प तर विसरूच नका. शेतातल्या नांगरटीच्या रानात सैल बॅटरी आदळत राहते, मसाला तळाशी साचतो आणि एके दिवशी घर शॉर्ट होते.

नवी घेताना दुकानातच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर ती बरेच दिवस पडून आहे, दुसरी मागा. खुंटांची बाजू जुन्यासारखीच हवी. जाड खुंट पॉझिटिव्ह असतो.

पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरवर पूर्ण भरा. नुसते दहा मिनिटे इंजिन चालवून बॅटरी पूर्ण भरत नाही. आणि जुनी बॅटरी बांधावर किंवा गटारीत ओतू नका. त्यातले शिसे विहिरीत उतरते. न उघडता, ॲसिडसकट उभीच दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि शिशाच्या मोलामुळे नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसेही वजा होतात.