स्वातंत्र्यसैनिक की दहशतवादी, हे कसे तपासावे

गावाच्या इतिहासावर लेख लिहिताना किंवा मुलांची वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना स्वातंत्र्यसैनिक आणि दहशतवादी यांतला फरक सांगण्याची वेळ येते, तेव्हा व्यक्तीचे नाव, तिचा झेंडा आणि तिच्याविषयीची आपली आस्था बाजूला ठेवून आधी एकच घटना निवडावी. माणसावर शिक्का मारून सुरुवात केली की पुरावा शोधण्याचे कामच उरत नाही.

सर्वांत आधी निशाणा कोण होता ते पाहावे. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा सुमारे साडेपाच लाख रुपयांचा खजिना लुटला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचे, जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते, तसेच खानदेशातील साथीदारही होते. ही कृती गुप्त होती, सशस्त्र होती आणि तेव्हाच्या कायद्याने गुन्हाही होती. पण रोख सरकारी तिजोरीवर होता, वाटेने जाणाऱ्या रयतेवर नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारे प्रवासी हाच निशाणा होता. म्हणून केवळ हाती शस्त्र होते, एवढ्यावरून निवाडा करू नये.

ध्येय न्याय्य होते म्हणून साधनही आपोआप न्याय्य ठरते, हे मात्र मान्य करू नये. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक कराराने वसाहतवादी सत्तेविरुद्धच्या लढ्याला आंतरराष्ट्रीय सशस्त्र संघर्षाचा दर्जा दिला, पण त्याच पूरक करारात नागरिकांमध्ये दहशत पसरवण्याच्या मुख्य उद्देशाने केलेल्या हल्ल्यांना मनाईही केली. माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन कलमांच्या जोडीत आहे. दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा प्रस्ताव भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला, तोही व्याख्येवरच अडून राहिला आहे.

सरकारने कोणाला काय म्हटले, याची नोंद घ्यावी, पण तोच पुरावा मानू नये. सेंधवा घाटाच्या रखवालीची नोकरी केलेले भिल्ल नेते खाज्या नाईक १८५७ च्या उठावात उतरले आणि इंग्रजांच्या लेखी लुटारू ठरले. त्यांच्याबद्दल लिहिताना सरकारी खजिन्याची लूट एका रकान्यात ठेवावी आणि व्यापाऱ्याचा किंवा गावकऱ्याचा माल लुटल्याची नोंद सापडल्यास ती दुसऱ्या रकान्यात लिहावी. आपला नायक म्हणून ती वगळू नये.

हीच कसोटी सत्तेलाही लावावी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. गणवेशातील माणसाने नि:शस्त्रांवर गोळी झाडली, तर त्या कृतीचे वर्णनही तितक्याच स्पष्ट क्रियापदांनी करावे.

घरातील सन्मानपत्र किंवा पेन्शनची कागदपत्रे मिळाल्यास जरूर जोडावीत. मात्र पेन्शनसाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितकाच काळ भूमिगत राहिल्याचा पुरावा मागितला जात असे, त्यामुळे निरोप पोचवणारी, भाकरी नेऊन देणारी कित्येक माणसे त्या यादीत सापडणार नाहीत. त्यांची नावे गावातच विचारावी लागतील.