मोठ्या माणसांचे कापडी डायपर घरी धुताना: दीड वर्ष वासाशी भांडून जे कळलं ते

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डायपरमधलं मला काय कळत होतं तर मेडिकलवाल्याला साइझ सांगायची, बस. पहिले दोन महिने विकतचेच वापरले, दिवसाला चार-पाच आणि रात्रीचा वेगळा, महिन्याचं बिल बघून बायको काही बोलली नाही पण मेडिकलची पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवायला लागली. त्यात अण्णांच्या जांघेत पुरळ उठलं. मग आईनेच ट्रंकेतली जुनी धोतरं काढली, म्हणाली तुम्हा तिघांना लंगोटातच वाढवलंय, त्यात काय अवघड आहे. अवघड होतं. बाळाची शू वेगळी, मोठ्या माणसाची लघवी वेगळी, मोठं माणूस दिवसाला दीडेक लिटर करतं आणि संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायलं की रात्रीची घट्ट, गडद पिवळी होते. आता दीड वर्ष झालं, माझी बहीण तोंडावर सांगणारी आहे, तीपण म्हणते घरात वास नाही, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो कारण सगळे तीच करतात. घट्ट झाकणाची बादली आणली, अर्धी पाण्याने भरली, वरून अँटिसेप्टिकची दोन झाकणं ओतली आणि वापरलेले लंगोट त्यात टाकत गेलो, म्हटलं दोन दिवसांचे साठले की मशीन एकदाच लावू. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर कांदा चिरल्यासारखं डोळ्यातून पाणी, नाकात झिणझिण्या, मी बाल्कनीत पळालो आणि आई आतून विचारतेय काय सांडलं रे! तो वास लघवीचा नव्हता, अमोनियाचा होता. ताज्या लघवीला फारसा वास नसतो, तिच्यातल्या युरियाचं बॅक्टेरिया अमोनियात रूपांतर करतात आणि त्यांना ऊब, ओल आणि वेळ मिळाला की झालं, मी तिन्ही गोष्टी बादलीत भरून वर झाकण लावलं होतं. म्हणजे वासाशी भांडण हे खरं तर घड्याळाशी भांडण आहे. सेंट, अगरबत्ती, रूम फ्रेशनर यांचा काही उपयोग नाही, अमोनिया अधिक मोगरा असा तिसराच वास तयार होतो.

आता असं करतो. लंगोट काढला की लगेच मोरीत, गार पाण्यात दोनदा खळबळून घट्ट पिळायचा, एवढंच, साबण नाही काही नाही, दोन मिनिटं लागतात. पण ही दोन मिनिटं चुकवली तर पुढे कितीही महागाची पावडर वापरा. शी असेल तर आधी कमोडमध्ये झटकायची, मग जेट स्प्रे, आणि पाणी गारच हवं, गरम पाणी आधी टाकलं की डाग कापडात पक्का बसतो. हातात ग्लोव्ह्ज घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, हे सांगायची गरज नाही पण रात्री तीन वाजता आपण काय काय विसरतो ते मला माहितेय. पिळलेले लंगोट जाळीच्या टोपलीत मोकळे टाकायचे, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवायचा. बादलीच वापरायची असेल तर पाण्याशिवाय, झाकण नुसतं वर टेकवलेलं. काही झालं तरी रोजच्या रोज धुवा, एप्रिल-मेमध्ये तर सकाळचे संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवू नका.

धुण्यात मोठी गोची झाली ती पाण्याची. आम्ही पुण्यातल्या धायरीत राहतो, वर्षातले बरेच महिने टँकर नाहीतर बोअर, म्हणजे जड पाणी. महिनाभर सगळं नीट चाललं आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला, वाळलेल्या लंगोटाला अजिबात वास नाही, पण अण्णांनी ओला केला की पाच मिनिटांत भपकारा. मला वाटलं पावडर कमी पडतेय, मी वाढवली, वास वाढला. शेवटी एक धुतलेला, वाळलेला लंगोट नुसत्या गरम पाण्यात चुबकला तर बादलीभर फेस! जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, क्षार आणि साबणाचा थर धाग्यात बसतो, त्या थरात जुनी लघवी अडकून राहते आणि नवीन ओल लागली की परत जागी होते. मग सगळे लंगोट कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तीन-चार तास भिजवले, जे पाणी निघालं ते चहासारखं होतं, सांगतानाही लाज वाटते. नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत हिसळत बसलो. आता दर महिन्याला एकदा हे करतो.

रोजचं धुणं असं: मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे, आधी पावडर न घालता एक गार फेरी, ते पाणी सोडून द्यायचं, मग साधारण साठ डिग्रीचं गरम पाणी, मापात पावडर, एक चमचा धुण्याचा सोडा. मशीन गच्च भरायचं नाही, पाऊण भरलं की बास. मग दोनदा हिसळणं आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर किंवा चमचाभर लिंबूसत्त्व, उरलासुरला अमोनिया त्याने मरतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून फसफसलेलं बघायला छान वाटतं पण दोघं एकमेकांना मारतात, हातात काही राहत नाही, म्हणून सोडा धुताना आणि आंबट शेवटी. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, ब्लीच लघवीच्या कपड्यावर किंवा व्हिनेगरबरोबर कधीही टाकू नका, विषारी गॅस तयार होतो आणि आपल्या बाथरूमला खिडकी असते हातभर. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्याने कापड मऊ लागतं पण पाणी पीत नाही. शंका आली तर सुक्या लंगोटावर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब घरंगळला तर कापडावर कंडिशनर किंवा क्रीमचा थर आहे. पुरळाची पांढरी क्रीम असाच थर देते, म्हणून आत मलमलची एक पातळ पट्टी घालतो.

रेडिमेड चड्डीसारखी जी वॉटरप्रूफ कव्हर मिळतात ती या मशीनच्या गरम धुण्यात घालू नका. ती कोमट पाण्यात हाताने, वाळवायची सावलीत, इस्त्री नाही, नाहीतर आतला प्लॅस्टिकचा थर सुटतो. वेल्क्रो बंद करून धुवा, आमच्या बनियनच्या जाळ्या झाल्या होत्या.

वाळवायला उन्हासारखं काही नाही, डागही उडतात. प्रश्न जून ते सप्टेंबर. ड्रायरमध्ये दोनदा फिरवून पंख्याखाली दोरीवर, एकावर एक न घालता, आणि शेवटी इस्त्री. थोडा दमट लंगोट घडी घालून ठेवला तर कुबट वास येतो आणि तो बाकीच्यांनाही लागतो, म्हणून जाड घडीपेक्षा मोठं पातळ कापड बरं, उलगडून वाळतं, वापरताना घडी घालता येते. आमच्याकडे चोवीस आहेत, पावसाळ्यात तीस लागतात. ठेवायचे सुती पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, हे कातडीला चोवीस तास लागणारं कापड आहे.

आणि एवढं करूनही खोलीत वास येत असेल तर लंगोटाला शिव्या देण्याआधी गादी हुंगा. खरंच. आमचं मेणकापड एका बाजूने चिरलं होतं आणि पंधरा दिवस मी उगाच पावडरी बदलत होतो. लघवीचाच वास अचानक बदलला, गढूळ झाली, ताप आला तर मात्र धुणं सोडा आणि डॉक्टरला फोन करा, इन्फेक्शन असू शकतं. आणि वासाला घाबरून पाणी प्यायला देणं कमी करू नका, घट्ट लघवीचा वास जास्तच येतो.

विकतचे मी पूर्ण बंद केलेले नाहीत, दवाखान्यात जाताना आणि फार थकलेल्या रात्री तेच. ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, पुण्यात कचरावेचक ताईंनीच ही खूण मागितलीय, त्यांना ते हाताने उघडावे लागू नयेत म्हणून.

अण्णांना सुरुवातीला फार अवघड गेलं. आईने पहिला लंगोट बांधला तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, तालमीत लावायचो तेव्हा सगळं गाव बघायला यायचं. आता दुपारी वाळलेल्यांचा ढीग त्यांच्या मांडीवर देतो, डाव्या हाताने घडी घालतात, एक टोक हनुवटीखाली दाबून, आणि माझी घडी वाकडी असेल तर उलगडून परत घालतात. प्रत्येकाच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा एक टाका मारलाय, तो का, तर एकदा पाहुण्यांसमोर आईने असाच एक स्वच्छ घडीचा पांढरा लंगोट पोळ्यांच्या डब्यात घातला होता.