मधुमेही पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातला रक्तस्राव कसा कमी करावा

मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटून रक्त साचले किंवा पडदा ओढला गेला, की व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ व साचलेले रक्त काढण्याची शस्त्रक्रिया, करावी लागते. त्यानंतरही डोळ्यात पुन्हा रक्त उतरू शकते. हा धोका पूर्ण टळत नाही, पण बराच कमी करता येतो, आणि त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावी लागते.

प्रथम सर्व औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून काढावीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन असे रक्त गोठू न देणारे औषध चालू असल्यास ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने धास्तीपोटी गोळी सोडली, तर डोळा वाचवताना जीव धोक्यात येतो. हा निर्णय नेत्रशल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. डायलिसिस चालू असेल तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्यात रक्त न गोठण्यासाठी सहसा हेपॅरिन वापरतात.

रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणावी. शस्त्रक्रियेच्या सकाळी उपाशी राहायचे असल्यास इन्सुलिन किती घ्यावे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

अनेकदा शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे एक ते सात दिवस आधी डोळ्यात बेव्हॅसिझुमॅबचे इंजेक्शन देतात. त्याने नव्या वाहिन्या आक्रसतात व रक्त कमी जाते. मात्र त्यांच्यासोबतची पापुद्र्यासारखी जाळीही आक्रसून पडदा ओढू शकते. म्हणून इंजेक्शननंतर घरच्या कार्यासाठी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलणे मला अजिबात योग्य वाटत नाही. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असल्यास इंजेक्शनपूर्वीच सांगावे.

घरी आल्यावर डोळा चोळू नये, झोपताना संरक्षक झाकण लावावे, जड वजन उचलू नये आणि बद्धकोष्ठतेमुळे जोर करावा लागणार नाही असा आहार ठेवावा. डॉक्टरांनी दुसरी स्थिती सांगितली नसेल, तर डोक्याखाली उशा घेऊन डोके उंच ठेवावे, म्हणजे उरलेले रक्त खाली बसते. पडदा जागेवर टेकून राहावा म्हणून शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो विरघळेपर्यंत विमानप्रवास आणि महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी जाणे टाळावे, कारण वायू फुगून डोळ्याचा दाब वाढतो.

रोज सकाळी चांगला डोळा झाकून भिंतीवरच्या त्याच दिनदर्शिकेकडे पाहावे. रात्री आडवे झाल्याने रक्त पसरून सकाळी अधिक धूसर दिसणे आणि दुपारपर्यंत निवळणे, हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. परंतु काल दिसणारे आकडे आज अचानक दिसेनासे झाले, काळे ठिपके वाढले, नजरेसमोर बाजूने काळी सावली सरकल्यासारखे वाटले किंवा तीव्र वेदना झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत रक्त असल्याने पडदा दिसत नसेल, तर डॉक्टर सोनोग्राफीने तो जागेवर आहे का हे पाहतात. जागेवर असल्यास काही आठवडे रक्त आपोआप निवळण्याची वाट पाहता येते, आणि न निवळल्यास डोळा आतून पुन्हा धुवावा लागतो.