आयरिस लावताना या चुका टाळा

पानं हिरवीगार, वाफा भरलेला, पण फूल एकही नाही. आयरिसबद्दल ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा एक तर कंद खोल गेलेला असतो, नाही तर दाटीत अडकलेला असतो. हे लिहितोय ते दाढीवाल्या आयरिसबद्दल, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो त्या प्रकाराबद्दल.

खोलीची चूक सर्वांत महागात पडते. हा कंद आल्यासारखा आडवा वाढतो आणि त्याच्या पाठीला ऊन लागावं लागतं. आपण सवयीने तो चार बोटं मातीखाली दाबतो. मग भोवती ओल साचते आणि कंद सडतो. वाचला तरी नुसती पानं काढत बसतो. लावताना पसरट खड्डा घ्या, मधोमध मातीचा उंचवटा करा, कंद त्यावर बसवा आणि मुळं दोन्ही उतारांवर पसरून द्या. मुळांवर माती लोटून तळव्याने घट्ट दाबा, पाणी द्या. पाणी मुरल्यावर कंदाची पाठ दिसली पाहिजे. ऊन फार कडक असेल किंवा माती रेताड असेल, तर वर जेमतेम २ सेंमी माती चालते. आच्छादन घालायचं तर कंदाभोवती घाला, कंदावर नको.

अंतर म्हणाल, तर उंच जातींना ३० ते ४५ सेंमी, बुटक्या जातींना १५ ते २० सेंमी पुरतं. लावल्या दिवशी वाफा ओकाबोका दिसतो आणि मधे आणखी दोन कंद खुपसायचा मोह होतो. तो आवरा. पण अंतराइतकीच दिशा महत्त्वाची आहे, आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. कंदाची वाढ पानांच्या पंख्याकडून पुढे होते, मागचं टोक जागच्या जागी राहतं. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या बाजूला फुटलेली पिल्लं पुढे फुलतात. म्हणून समोरासमोर तोंड करून लावलेले दोन कंद लवकरच एकमेकांच्या अंगावर येतात. रांगेत लावताना सगळे पंखे एकाच दिशेला ठेवा. पुंजका हवा असेल, तर तीन कंदांची मागची टोकं आत आणि पंखे बाहेर.

इतकं सांभाळूनही ३-४ वर्षांनी दाटी होतेच. फुलं सरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी अख्खा पुंजका उपटा. मधले जुने, बिनपानाचे कंद टाकून द्या. पंखा आणि ठणठणीत मुळं असलेली कडेची पिल्लं ठेवा, पानं साधारण १५ सेंमीवर छाटा आणि पुन्हा लावा. एरवी मात्र फुलं संपल्यावर फक्त फुलाचा दांडा कापा. हिरवी पानं पुढच्या फुलांसाठी अन्न साठवत असतात.

सावलीत आयरिस फुलत नाही, दिवसाला किमान ६ तास ऊन हवंच. नत्रयुक्त खताचा मारा केला तर वाढ लुसलुशीत होते आणि सड लवकर धरते.

सड ओळखायला सोपी आहे. पंखा हलकेच ओढला की बुडातून सुटून हातात येतो, कंद मऊ लागतो आणि उग्र घाण वास येतो. हे जिवाणूंचं काम. कंद वर काढा, घट्ट पांढरा गर लागेपर्यंत चमच्याने खरवडा, जखम एक-दोन दिवस उन्हात सुकू द्या आणि निचरा चांगला असलेल्या जागी लावा. सुरी वापरली असेल, तर दुसऱ्या कंदाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा.

हे नियम सगळ्या आयरिसना लावू नका. सायबेरियन आणि जपानी आयरिसचे कंद मातीखाली ३ ते ५ सेंमी लागतात आणि त्यांना ओल आवडते. डच आयरिसचा कंद कांद्याच्या जातीचा, तो १० सेंमी खोल जातो.

नव्याने लावलेलं आयरिस पहिल्या हंगामात फुललं नाही, तर उकरून बघू नका. कंद दाबून घट्ट लागतोय आणि पंख्याच्या मधून नवं पान येतंय, एवढं दिसलं की त्याला जागचं हलवू नका.